मोटारीवरची नावे

दिवाळी अंक घरात आला की आमच्या सौभाग्यवती प्रथम जाहिराती पाहतात. सोन्याचांदीची पेढी, केसांचे तेल, उटणे, सहकारी बँकेच्या हार्दिक शुभेच्छा. मग राशिभविष्य, मग व्यंगचित्रे, आणि सर्वांत शेवटी, चकल्यांचा घाणा उरकून वेळ उरलाच तर, माझी कथा. पूर्वी मला याचा राग येई. एकदा मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "अहो, यांनी पैसे दिले म्हणून तुमची गोष्ट छापली गेली. पंगतीला बसण्याआधी यजमानाला नमस्कार नको का करायला?"

मला उत्तर सुचले नाही. ते अजूनही पुरतेसे सुचलेले नाही. पुढचा लेख म्हणजे त्या उत्तराचाच एक प्रयत्न आहे, असे वाचकांनी समजावे.

निमित्त घडले ते मोटारशर्यतींचे. आमचा थोरला अकरावीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने मला अमेरिकेतल्या ‘स्टॉक कार’ शर्यतींवरचे चार चित्रपट एकामागून एक दाखवले. मी स्वतः सायकलीपलीकडे कोणतेही वाहन चालवलेले नाही आणि माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा यंत्राविषयी मी काही अधिकाराने बोलणार नाही. पण गोष्टी लिहिण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याला एखादी गोष्ट कोठे खरे बोलते आणि कोठे नजर चुकवते, एवढे तरी ओळखता यावे. या चारही चित्रपटांत मोटारी अतोनात पळतात; परंतु त्यांना पळवणारे जे खरे इंधन, म्हणजे पैसा, त्याचे नाव घ्यायची वेळ आली की बहुतेकांची जीभ अडखळते.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात विकायला ठेवलेली असते तशी साधी मोटार. आता ती नुसती दिसायला तशी. आतून सारी शर्यतीसाठीच बांधलेली. लंबगोल रिंगणात शेकडो फेरे घ्यायचे आणि बहुतेक वेळ डावीकडेच वळायचे, असा हा खेळ. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या डोंगरी मुलखात हातभट्टीची दारू रातोरात पोहोचवणारी मुले पोलिसांना चुकवण्यासाठी आपल्या गाड्या वेगवान करीत. त्यांच्यातूनच या खेळाला पहिले कित्येक चालक मिळाले. बिल फ्रान्स नावाच्या खटपटी गृहस्थाने १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था काढून या शर्यतींना शिस्त लावली. पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. ती जिंकणाऱ्या चालकाच्या मोटारीच्या स्प्रिंगा दारू वाहून नेण्यासाठी मजबूत केलेल्या आढळल्या, म्हणून त्याचा विजय रद्द करून दुसऱ्याला देण्यात आला! खेळाची सुरुवातच अशी की, मोटार कुणाच्या कामाची आणि कुणाच्या पैशाची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून रिंगणाच्या दारात उभा.

पहिला चित्रपट १९७३ सालचा, ‘द लास्ट अमेरिकन हीरो’. ज्युनिअर जॉन्सन या खऱ्याखुऱ्या चालकावर टॉम वुल्फ या लेखकाने १९६५ साली एक गाजलेला लेख लिहिला होता. त्यावर हा आधारलेला. चित्रपटात त्याला ज्युनिअर जॅक्सन असे नाव दिले असून जेफ ब्रिजेसने ती भूमिका केली आहे. बाप हातभट्टीपायी तुरुंगात, घरात पैशाची निकड, म्हणून मुलगा शर्यतीत उतरतो. अंगात कसब भरपूर. पण थोड्याच दिवसांत त्याला कळून चुकते की कसबाला चाके नसतात. चाके मालकाची असतात. मग मालकाच्या मोटारीवर पगारी चालक म्हणून बसायचे, मालकाची माणसे बरोबर घ्यायची, मालक सांगेल तसे वागायचे. या चित्रपटातले मला सर्वांत आवडलेले प्रसंग शर्यतीचे नाहीत; दोन माणसे वाटणीवरून घासाघीस करतात, ते आहेत. तरुणाच्या चेहऱ्यावरचे हसू त्या बोलाचालीत हळूहळू कसे आटत जाते, हे दिग्दर्शक लॅमाँट जॉन्सनने फार समजूतदारपणे दाखवले आहे. मुलगा अखेर जिंकतो. पण जिंकलेला मुलगा आणि घरून निघालेला मुलगा एकच नव्हे, ही चुटपुट लावून चित्रपट संपतो. चारांपैकी सर्वांत प्रामाणिक चित्रपट मी यालाच म्हणेन.

आणि तरीही खरी हकीकत याच्याही पुढे जाते. खऱ्या ज्युनिअर जॉन्सनला १९५६ साली बापाच्या भट्टीवर पकडण्यात आले आणि त्याने ओहायोतल्या तुरुंगात अकरा महिने काढले. साऱ्या कारकिर्दीत त्याने ५० शर्यती जिंकल्या. १९६० साली डेटोनाची मानाची शर्यत तर त्याने तुलनेने संथ मोटारीत बसून जिंकली. पुढच्या वेगवान मोटारीच्या अगदी पाठीशी राहिले की हवेचा रोध कमी होऊन आपली मोटार ओढल्यासारखी धावते, ही युक्ती त्याला सापडली होती. निवृत्तीनंतर तो स्वतः मालक झाला आणि आपल्या मोटारीसाठी आश्रय मागायला एका बड्या सिगारेट कंपनीकडे गेला. जानेवारी १९७१ मध्ये अमेरिकेत रेडिओ-टेलिव्हिजनवरून सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या होत्या. कंपनीच्या हातात पैसा होता आणि तो खर्चायला जागा नव्हती. तिने एक मोटार न घेता सारी शर्यतमालाच उचलली! १९७१ पासून २००३ पर्यंत या खेळाचा सर्वोच्च करंडक सिगारेटच्या नावाने ओळखला गेला. हातभट्टीच्या मुलाने खेळाला सिगारेटच्या मांडीवर नेऊन बसवले, हा शेवट एखाद्या कादंबरीकाराने कल्पनेने लिहिला असता तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित ठरवले असते.

दुसरा चित्रपट १९७७ चा ‘ग्रीझ्ड लाइटनिंग’. विषय, वेंडेल स्कॉट हा व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिलचा कृष्णवर्णीय चालक. रिचर्ड प्रायर या विनोदी नटाने ही भूमिका मोठ्या मायेने केली आहे. चित्रपट पाहताना मी हसलो, दोनदा डोळेही पुसले. आणि शेवटच्या जल्लोषात विजयाचा आनंद घेऊन उठलो. मग मुलाने खरी हकीकत शोधून वाचून दाखवली, आणि मला त्या आनंदाची लाज वाटली.

खरी हकीकत अशी. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे स्कॉटने शर्यत जिंकली. या शर्यतमालेत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय. पण विजेता म्हणून नाव पुकारले गेले ते बक बेकर या गोऱ्या चालकाचे. स्कॉटने फेऱ्यांचा हिशेब पुन्हा करायला लावला. काही तासांनी, प्रेक्षक घरोघर गेल्यावर, अधिकाऱ्यांनी चूक कबूल केली. बक्षिसाची रक्कम मिळाली. त्या दिवशीची ढाल मात्र त्याच्या हाती कधीच आली नाही. तो १९९० साली वारला. संस्थेने त्याच्या कुटुंबाला मानचिन्ह दिले ते २०२१ साली, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी!

हा वर्णद्वेष सर्वांना दिसतो, आणि दिसायलाच हवा. पण त्याच्या आड एक दुसरी गोष्ट लपते. स्कॉट या मालेत ४९५ शर्यती धावला आणि एवढ्या काळात त्याला कुणी मोठा आश्रयदाता मिळाला नाही. मुलेच त्याचे मदतनीस. दुसऱ्यांनी वापरलेले सुटे भाग, जुनी टायरे यांवर त्याचा संसार. ज्याच्या पाठीशी कंपनी आहे, तो इंजिन फुटेस्तोवर मोटार दामटू शकतो. फुटले तर उद्या दुसरे येते. ज्याचे इंजिन एकच, त्याला पुढच्या रविवारचा विचार करून आज पाय आवरावा लागतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘हा जरा मागेच असतो.’ गरिबी अशी माणसाच्या गुणाच्या वेषात येते आणि उणेपणा म्हणून नोंदली जाते. चित्रपटाने शेवट गोड करून ही नोंद पुसली; आणि माझ्या मते ती पुसण्याचा त्याला अधिकार नव्हता.

तिसरा, १९९० चा ‘डेज ऑफ थंडर’. टॉम क्रूझ हा देखणा नट, गडगडाट, अपघात, डॉक्टरीणबाईंशी प्रेम. दिवाळीच्या फराळासारखा सारे काही असलेला. यात चालकाला संधी कशी मिळते? एक मोटारविक्रेता मनात आणतो आणि मिळते. इतके सोपे! पण या झगमगाटात एक प्रसंग मात्र अवचित खरा उतरला आहे. नायकाचा जुना प्रतिस्पर्धी जखमी होऊन पडला आहे. तो नायकाला गळ घालतो की डेटोनाला माझी मोटार तू चालव. कारण मोटार धावली नाही तर वर्षाचे पैसे देणारा हातचा जाईल. डोक्याला मार बसलेल्या माणसाची ही चिंता! दिग्दर्शकाने या वाक्याशी दोन मिनिटे थांबायला हवे होते. पण मोटारी सुरू होण्याची घाई होती. गंमत म्हणजे, चित्रपटात नायकाच्या मोटारीवर ज्या शीतपेयाचे नाव होते, त्याच नावाची मोटार पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, खऱ्या रिंगणात उतरली. कथेने वास्तवाकडून उसने घ्यावे हा आमचा जुना परिपाठ. येथे जाहिरातीने कथेकडून उसने घेतले.

चौथा, २००६ चा ‘टॅलाडेगा नाइट्स’, म्हणजे शुद्ध फार्स. विल फेरेलचा नायक शहाणपणाच्या बाबतीत बेताचाच. जेवणाआधी कुटुंबासह देवाची प्रार्थना करताना तो मध्येच एका पेयाचे नाव घेतो, कारण करारात तसे कलम आहे. एका शर्यतीत त्याच्या समोरच्या काचेवर बिस्किटांची एवढी मोठी जाहिरात चिकटवलेली असते की त्याला रस्ताच दिसत नाही. आणि तशा स्थितीतही तो त्या बिस्किटांचे गुण गातो. माझा मुलगा पोट धरून हसत होता. मीही हसलो. पण चार चित्रपटांत पैशाचे खरे रूप एवढ्या ठळकपणे या विदूषकानेच दाखवले, हे ध्यानात आले तेव्हा हसू ओठांवरच राहिले. आपल्या तमाशातला सोंगाड्या राजाला जे सुनावतो ते प्रधानाला सुनावता येत नाही, तसेच हे.

चार झाले. पण खरी गोष्ट मला चित्रपटांत मिळाली नाही. ती चालकांच्या हकीकतींत मिळाली. मार्टिन ट्रुएक्स नावाच्या चालकाचे पाहा. २०१३ च्या सप्टेंबरात रिचमंडच्या शर्यतीत त्याच्या संघातल्या इतरांनी त्याला पुढे काढण्यासाठी लबाडी केली. संघाला तीन लाख डॉलर दंड झाला. आश्रयदाती कंपनी नाराज होऊन निघून गेली. तिच्या पैशावर चालणारी जागा बंद झाली आणि ट्रुएक्स रस्त्यावर आला. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या एका फर्निचर-व्यापाऱ्याने त्याला आपल्या संघात घेतले. तेथे त्याने २०१७ साली अजिंक्यपद मिळवले. येथे कोणताही चित्रपट संपेल. वास्तव संपत नाही. पुढच्याच वर्षी एका मोठ्या प्रायोजकाने हात काढून घेतला आणि २०१८ च्या अखेरीस तो अजिंक्य संघ बंद पडला! वर्गात पहिला आलेल्या मुलाची शाळाच बंद व्हावी, तसे.

दुसरा, अॅलन कुलविकी. विस्कॉन्सिनचा इंजिनियर. स्वतःच मालक, स्वतःच चालक. आपल्या पहिल्या चित्रपटातला तोच ज्युनिअर जॉन्सन, आता गबर मालक, त्याला आपल्याकडे बोलावीत होता. याने नकार दिला. १९९२ साली अटलांटाच्या अखेरच्या शर्यतीत त्याने अवघ्या दहा गुणांनी अजिंक्यपद पटकावले, आणि मागे पडला तो जॉन्सनच्याच मोटारीवरचा बिल एलियट. कुणाचाही पगार न घेतलेला माणूस जिंकला म्हणून मी मनात टाळ्या वाजवल्या. मग पुढचे वाचले. कुलविकीलाही आश्रय होताच, एका उपाहारगृहांच्या कंपनीचा. १ एप्रिल १९९३ रोजी त्या कंपनीच्या कार्यक्रमाला हजेरी लावून, त्याच कंपनीच्या विमानाने तो पुढच्या शर्यतीला निघाला होता. विमान कोसळले. मालकाला नाही म्हणता येते. आश्रयाला नाही म्हणता येत नाही.

आणि तिसरा माझा सगोत्र, कार्ल एडवर्ड्स. मिसूरी राज्यात बदली शिक्षकाचे काम करणारा हा तरुण स्वतःची ओळखपत्रे छापून शर्यतीच्या ठिकाणी वाटत फिरे. चालक हवा असेल तर मी आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर असे. पुढे संधी मिळाली आणि त्याने या सर्वोच्च मालेत २८ शर्यती जिंकल्या. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या अठ्ठावीस विजयांपेक्षा तो कार्डे वाटणारा मास्तरच येतो. किती खिशांत ती कार्डे विसरली गेली असतील! आपल्याकडचा नारायण कार्तिकेयनही २०१० साली तिथल्या ट्रक मोटारींच्या मालेत धावला, आणि मतदानात त्या मालेचा सर्वांत लोकप्रिय चालक ठरला. २०११ मध्ये तो फॉर्म्युला वनकडे परतला. लोकप्रियता ही टाळी आहे, टायर नव्हे.

येथे माझ्या मुलाने मला अडवले. तो म्हणाला, "बाबा, पण श्रीमंताचा मुलगा चांगला चालवत नसेल असं थोडंच आहे?" त्याने पॉल मेनार्डचे उदाहरण दिले. त्याच्या वडिलांची घरबांधणीच्या सामानाची मोठी दुकाने; मुलाच्या मोटारीवर वडिलांच्या दुकानाचे नाव. ‘बापाच्या पैशावर’ असे लोक म्हणत. त्यानेही २०११ साली इंडियानापोलिसची मोठी शर्यत जिंकून दाखवली.

मुलाचे म्हणणे खरे आहे. ‘वशिल्याचे तट्टू’ म्हणून हिणवायला आपल्याला फार आवडते. पण वशिल्याचे तट्टू कधी कधी खरोखरच चांगले पळते. नेमकी तेथेच गोष्ट अवघड होते. ते अडखळले असते तर अन्याय सर्वांना दिसला असता. ते पळते, म्हणून कुणी विचारीत नाही की, पागेबाहेर दुसरे कोण उभे होते?

हे मी अधिकाराने सांगू शकतो; मोटारींच्या नव्हे, दुसऱ्या एका. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी वक्तृत्वस्पर्धा होती. शाळेतून एकच विद्यार्थी पाठवायचा होता. माझ्या वर्गात दोघे होते. एका मुलीचे वडील एस. टी. स्टँडवरच्या कँटीनमध्ये कामाला. ती बोलायला उभी राहिली की मागच्या बाकावरची मुलेही गप्प होत. दुसरा कापडाच्या दुकानदाराचा मुलगा. चुणचुणीत, पाठांतर चोख. शाळेकडे जाण्यायेण्याच्या खर्चाला पैसे नव्हते. दुकानदार म्हणाले, "गुरुजी, गाडी माझी, जेवणखाण माझं. तुम्ही काळजीच करू नका." मी काळजी केली नाही. मुलगा गेला, छान बोलला, तिसरा आला. शाळेच्या फळ्यावर त्याचे नाव रंगीत खडूने मीच लिहिले. सर्वांना आनंद झाला. त्या मुलीने मला काहीही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली आणि तपासायला दिलेली भाषणाची वही तिने परत मागितली, एवढेच.

त्या मुलावर मी अन्याय केला असे नाही. त्या दुकानदारानेही वाईट केले नाही. गाडी दिली म्हणून शाळेला बक्षीस मिळाले. आश्रयदाता हा खलनायक असतो असे मी मुळीच म्हणत नाही. रिचर्ड पेटीसारख्या महारथ्यालाही १९७२ साली इंजिन-तेलाच्या कंपनीचा हात धरावा लागला. कंपनीला मोटार लाल हवी होती, त्याला आपला घराण्याचा निळा रंग सोडायचा नव्हता. अखेर मोटार अर्धी लाल, अर्धी निळी झाली. यजमान आणि पाहुणा यांनी एकमेकांचा मान कसा राखावा, याचे याहून चांगले चित्र मला माहीत नाही. पण असा सौदा करण्याची ऐपत असायला आधी रिचर्ड पेटी व्हावे लागते. आणि रिचर्ड पेटी होण्यासाठी आधी मोटार लागते.

म्हणून माझी तक्रार पैशाविषयी नाही, गोष्टीविषयी आहे. विजयाची गोष्ट सांगणाऱ्याने, मग तो चित्रपटकार असो की माझ्यासारखा मास्तर-लेखक, निदान एवढे सांगावे की टायर कुणी घेऊन दिले, आणि ज्याला कुणी घेऊन दिले नाहीत तो कोठे उभा होता. ‘जिद्द असली की सारे मिळते’ हे वाक्य मी वर्गात शेकडो वेळा सांगितले आहे. आता ते सांगताना मला भाषणाची ती वही दिसते. मी वाक्य टाकलेले नाही. पण त्याच्यापुढे पूर्णविराम देत नाही.

हा अंक घरी येईल तेव्हा सौभाग्यवती नेहमीप्रमाणे आधी जाहिराती पाहतील. यंदा मीही त्यांच्या शेजारी बसून त्या पाहणार आहे. यजमानाला नमस्कार केलाच पाहिजे. मात्र नमस्कार करून झाल्यावर पंगतीत कुणाचे पान मांडायचे राहिले, हे एकदा वळून पाहायला यजमानाची परवानगी लागत नाही.